कामावरची दुखापत आणि नोंदवहीतील एक ओळ

(संस्थेच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानासाठी विषय कळवा असे कार्यवाहांचे पत्र आले, तेव्हा आम्ही 'अपघात नोंदवही' एवढेच दोन शब्द लिहून पाठविले. पुष्कळांना हा विषय रूक्ष वाटला असेल. साहित्य, शिक्षण, समाजकारण असे मोठमोठे विषय असताना कारखान्याच्या टाइम ऑफिसातील एका वहीवर तासभर काय बोलायचे, असेही कोणी म्हटले असेल. परंतु या सभागृहात बसलेल्यांच्या घरांकडे पाहावे. कोणाचा मुलगा एम.आय.डी.सी.त प्रेसवर आहे, कोणाचा भाऊ महानगरपालिकेत सफाई खात्यात आहे, कोणाचे यजमान ठेकेदाराकडे वेल्डिंग करतात, कोणी बाई पॅकिंगच्या खात्यात उभी राहून दिवस काढते. यांच्यापैकी कोणाला उद्या कामावर लागले, तर पुढच्या वीस वर्षांत त्या घरात काय येईल हे पुष्कळसे त्या वहीतील एका ओळीवर ठरते. ती ओळ त्या दिवशी लिहिली गेली की नाही, एवढाच प्रश्न असतो.

आम्ही गेली अनेक वर्षे वस्तीतील लोकांचे अर्ज लिहून देण्याचे काम करतो. त्यात आमच्या पाहण्यात आलेली एक हकिकत सांगतो. कारखान्याचे व माणसाचे नाव सांगत नाही, त्याची जरूरही नाही. एक तरुण एका लहान कारखान्यात पॉवर प्रेसवर काम करीत होता. रात्रपाळीत उजव्या हाताची दोन बोटे गेली. मालकाने स्वतःच्या गाडीतून त्याला खाजगी दवाखान्यात नेले, सगळे बिल भरले, दोन महिन्यांचा पगार घरी पोचता केला. घरची माणसे मालकाचे उपकार मानीत होती. दवाखान्याच्या केसपेपरवर मात्र लिहिले होते, घरी लोखंडी दरवाजात हात सापडला. सात-आठ महिन्यांनी काम कमी झाले म्हणून त्याला बसविले. मग तो आमच्याकडे आला. ई.एस.आय.च्या कचेरीत पहिलाच प्रश्न झाला, अपघाताचा अहवाल कुठे आहे? अहवाल नव्हता. अपघात नोंदवहीत नाव नव्हते. डॉक्टरच्या कागदावर दरवाजा होता. साक्षीदार दोन, त्यांतल्या एकाने नोकरीच्या भीतीने तोंड उघडले नाही आणि दुसरा गावी निघून गेलेला. आम्ही पुष्कळ हेलपाटे घातले. त्यातून काही निघाले नाही.

तो मालक दुष्ट होता असे आम्हाला वाटत नाही. त्याने खर्च केला, धावपळ केली. पण त्याने पैसे देऊन जे वाचविले ते फार मोठे होते. इन्स्पेक्टरची भेट वाचली, प्रेसला गार्ड का नव्हता हा प्रश्न वाचला, आणि त्या तरुणाचा आयुष्यभराचा हक्क कागदावर येण्याआधीच मिटला. बिल भरणे ही दया झाली. नोंद करणे ही कायद्याची जबाबदारी आहे. दोन्हींची अदलाबदल होते ती नेमकी अशा रात्री, जेव्हा घरची माणसे घाबरलेली असतात.

ही मागणी आजची नाही, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, पगार वेळेवर, या मागण्या आपण ऐकलेल्या असतात. त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती. काम करताना ज्याला दुखापत होईल त्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जो कायमचा अधू होईल त्याच्या उपजीविकेची तरतूद व्हावी. ज्या वेळी कामगाराला मोडलेला हात घेऊन चाळीत परतण्यावाचून मार्ग नव्हता, त्या वेळची ही मागणी आहे. भरपाईचा कायदा यायला त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे लागली. तो 1923 साली आला. पुढे 1942 ते 1946 या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळात, 1944 साली, प्रा. अदारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला आणि त्यातून 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे आपली ई.एस.आय., उभी राहिली. कारखाने अधिनियमही 1948 चाच.

आता 'लागले' आणि 'कामावर लागले' या दोन शब्दप्रयोगांतील फरक पैशात सांगतो, म्हणजे कंटाळा येणार नाही. ई.एस.आय. योजनेत साध्या आजारपणात मजुरीच्या 70 टक्के पैसे मिळतात, तेही वर्षातून जास्तीत जास्त 91 दिवस, आणि त्यासाठी आधी ठराविक दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. दुखापत कामावरची असेल तर मजुरीच्या 90 टक्के मिळतात, माणूस बरा होईपर्यंत मिळतात, आणि वर्गणी किती दिवस भरली हे पाहिले जात नाही. पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे. दिवसाला सहाशे रुपये मजुरी धरली तर एकीकडे 420 आणि दुसरीकडे 540. परंतु रोजचा हा फरक लहानच म्हणायचा. अवयव गेला तर मेडिकल बोर्ड कमाईची शक्ती किती टक्के गेली ते ठरविते आणि त्या प्रमाणात जन्मभर रक्कम मिळते. माणूस दगावला तर बायकामुलांना आश्रितांचा लाभ मिळतो. हे सगळे 'कामावरची दुखापत' या एका दारातून आत येते. घरच्या लोखंडी दरवाजातून ते येत नाही.

ज्यांना ई.एस.आय. लागू नाही त्यांच्यासाठी 1923 च्या कायद्याने भरपाईचे कोष्टक दिले. त्यात शरीराचा हिशेब किती बारकाईने केला आहे ते पाहण्यासारखे आहे. अंगठा गेला तर 30 टक्के, एका हाताची चारही बोटे गेली तर 50, तीन गेली तर 30, दोन गेली तर 20. तर्जनी पूर्ण गेली तर 14 टक्के, तिची दोन पेरे गेली तर 11, एकच पेर गेले तर 9. म्हणजे 'बोटाला लागले' असे मोघम लिहून भागत नाही. कोणते बोट, कोणत्या पेरापासून, हे लिहिले गेले पाहिजे. वयालाही गुणक आहे. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक 207.98 आहे. 2020 मध्ये केंद्र सरकारने हिशेबासाठी धरावयाची मासिक वेतनाची मर्यादा 15,000 रुपये केली. त्या वेतनाचे 60 टक्के म्हणजे 9,000. त्याला 207.98 ने गुणले तर पूर्ण अपंगत्वाची रक्कम 18,71,820 रुपये होते, आणि अंगठ्याचे 30 टक्के म्हणजे 5,61,546 रुपये. विद्यार्थ्यांनी हे गणित घरी पुन्हा करून पाहावे. आता ज्यांच्या वडिलांचा अंगठा दोन महिन्यांच्या पगारात मिटविला गेला असेल, त्यांना वेगळे सांगायला नको.

वहीकडे येऊ. ई.एस.आय.ची 1950 ची नियमावली आहे. तिने प्रत्येक मालकाला अपघात नोंदवही ठेवायला लावली आणि तिचा नमुना ठरवून दिला. शेवटच्या नोंदीपासून पाच वर्षे ती वही जपून ठेवायची. हा नमुना आम्ही मुद्दाम वाचला, आणि ज्याने तो तयार केला तो माणूस कारखाना पाहिलेला असावा असे आम्हाला वाटते. खबर कोणत्या तारखेला, किती वाजता दिली. जखमीचे नाव, वय, विमा क्रमांक, पाळी, खाते, काम. दुखापत कशामुळे झाली, कशी झाली, कोठे, केव्हा. त्यानंतरचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे: अपघाताच्या क्षणी तो माणूस नेमके काय करीत होता? मग खबर देणाऱ्याची सही किंवा अंगठा, नोंद करणाऱ्याची सही व हुद्दा, आणि दोन साक्षीदारांची नावे-पत्ते.

या रकान्यांतून अर्धी केस त्याच दिवशी पुरी होते. साक्षीदार दोन वर्षांनी शोधावे लागत नाहीत. वेळ आणि पाळी लिहिली गेली की 'तो त्या दिवशी कामावरच नव्हता' असे म्हणता येत नाही. 'नेमके काय करीत होता' या प्रश्नाचे उत्तर 'प्रेसमध्ये पत्रा लावीत होता' असे आले, की दुखापत आणि काम यांची गाठ पडते. 'निष्काळजीपणामुळे हात गेला' असे कोणी तिथे लिहू लागले तर तो त्या प्रश्नाचा जबाब नव्हे, हे शांतपणे सांगावे. वहीत काय झाले ते लिहायचे असते; कोणाची चूक, हा निवाडा टाइमकीपरने करायचा नसतो.

या नियमातील एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. दुखापतीची खबर तोंडी देता येते, लेखी देता येते, आणि जखमी कामगाराने स्वतः किंवा त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी त्या वहीत शक्य तितक्या लवकर नोंद केली तरी ती पुरेशी खबर धरली जाते. 1923 च्या कायद्यातही अशीच व्यवस्था होती. सरकारने सांगितलेल्या मालकांनी आवारात एक सूचना-वही ठेवायची आणि ती जखमी कामगाराच्या हाताला येईल अशा जागी ठेवायची. म्हणजे वही मालकाच्या कपाटात कुलपात असावी अशी कायद्याची कल्पनाच नव्हती. आपण मात्र 'साहेब लिहितील' म्हणून वाट पाहतो. साहेब लिहीत नाहीत, आणि आपण विचारीत नाही. विचारले तर साहेबांना राग येईल, हे कारण. राग येईल हे खरे आहे. पण रागावलेल्या साहेबाला समजावता येते. कोरी राहिलेली वही दोन वर्षांनी कोणाचेच ऐकत नाही.

फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे जाणारी सूचना ही याहून वेगळी गोष्ट. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 88 ने असे ठरविले की मृत्यू झाला, किंवा दुखापतीमुळे कामगार अपघातानंतर 48 तास किंवा अधिक काळ काम करू शकला नाही, तर व्यवस्थापकाने सूचना पाठवावी. आता या 48 तासांची गंमत पाहा. पाय मोडलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी रिक्षाने बोलावून घेतात. 'नुसता बसून राहा, हजेरी लागेल, पगार चालू राहील.' माणसाला वाटते, किती काळजी घेतात. मस्टरवर तो हजर असतो, आणि जो हजर आहे तो 48 तास कामापासून दूर राहिलेला नाही! प्लास्टर घालून खुर्चीवर बसलेला कामगार दिसला तर त्याच्याकडून काय काम होते आहे हे विचारावे. ठेकेदाराच्या माणसाचे तर नावच वेगळ्या मस्टरवर. त्याचा अपघात कोणाच्या वहीत जायचा यावर कारखाना आणि ठेकेदार एकमेकांकडे बोट दाखवितात, आणि तोवर त्याचे स्वतःचे बोट गेलेले असते.

दुखापत डोळ्यांना दिसते. रोगाचे तसे नाही. मुंबईच्या गिरण्यांतून कापसाच्या तंतूंनी होणारा छातीचा विकार, त्याला डॉक्टर बायसिनोसिस म्हणतात, हळूहळू शिरत असे. सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेले की छाती आवळल्यासारखी होई, पुढे पुढे ती रोजच आवळे. घरी म्हणत, बिडीने झाले. दवाखान्यात म्हणत, क्षयाची शंका आहे. दगडाच्या, वाळूच्या धुळीने होणारा सिलिकोसिस, शिशाचे विष, हे आणि असे पुष्कळ रोग कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात आहेत. हे रोग आढळले तर व्यवस्थापकाने सूचना द्यायची, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरनेही मुख्य निरीक्षकाला लेखी कळवायचे, असे 1948 च्या कायद्याने सांगितले. डॉक्टरवर कायद्याने घातलेले हे ओझे आहे. परंतु त्यासाठी डॉक्टरने रोग्याला एक प्रश्न विचारावा लागतो, 'काम काय करता?' आमच्या अनुभवात हा प्रश्न फार कमी वेळा विचारला जातो. म्हणून रोग्यानेच तो न विचारता सांगावा, आणि केसपेपरवर लिहून घ्यावा.

नोंद नसली म्हणजे काय होते, याचे उदाहरण गुजरातमधील गोध्रा भागातील क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांचे आहे. मध्य प्रदेशच्या झाबुआ-अलिराजपूरकडील आदिवासी मजूर तेथे जाऊन काम करीत, धुळीने छाती भरून गावी परतत आणि मरत. हजेरीचा कागद नाही, नेमणुकीचे पत्र नाही, वहीत नाव नाही. 238 मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यावेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली दिला, पण त्याआधी राष्ट्रीय मानवाधिकार आयोगापासून न्यायालयापर्यंत कितीतरी वर्षे गेली. ज्यांच्यासाठी हे चालले होते त्यांनी तो दिवस पाहिला नाही.

रोगाला वेळ लागतो म्हणून त्याची नोंदही दीर्घकाळ टिकली पाहिजे. अॅस्बेस्टॉसच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 27 जानेवारी 1995 रोजी हेच सांगितले. या उद्योगाने प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद त्याच्या नोकरीच्या प्रारंभापासून किमान 40 वर्षे, किंवा तो निवृत्त झाल्यावर वा काम सुटल्यावर 15 वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत ठेवावी, असा तो आदेश होता. चाळीस वर्षे! पाच वर्षांनी रद्दीत जाणाऱ्या वहीच्या मानाने हा विचार किती पुढचा आहे. अॅस्बेस्टॉसने होणारा रोग दोन-तीन दशकांनी वर येतो, म्हणून वहीलाही तेवढे आयुष्य दिले.

भोपाळची आठवण येथे केलीच पाहिजे. 1984 च्या डिसेंबरातील ती रात्र सर्वांना माहीत आहे. त्याच कारखान्यात तीन वर्षे आधी, डिसेंबर 1981 मध्ये, फॉस्जीन वायूने एका कामगाराचा मृत्यू झाला होता, हे मात्र थोड्यांच्या लक्षात असते. लहान अपघाताची नोंद ही मोठ्या अपघाताची सूचना असते, ती कोणी वाचली तर. भोपाळनंतर 1987 साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यात कामगारांच्या आरोग्याच्या अचूक व अद्ययावत नोंदी ठेवाव्यात आणि त्या कामगाराला पाहता याव्यात, असे कलम 41-क मध्ये आले. स्वतःच्या रक्ताचा अहवाल पाहण्यासाठी कामगाराला हजारो मृत्यूंनंतर कलम मिळाले.

आपल्या समाजाचा ज्या कामाशी पिढ्यान्पिढ्या संबंध लावला गेला, त्या गटारसफाईचे काय? 2013 च्या कायद्याने हाताने मैला साफ करण्यास माणसे लावण्यास बंदी केली. 27 मार्च 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की 1993 पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाचे कुटुंब शोधून दहा लाख रुपये द्या. 20 ऑक्टोबर 2023 च्या निकालात गटारातील मृत्यूसाठी ही रक्कम तीस लाख झाली. 'शोधून' हा शब्द ऐकावा. नोकरी करताना मेलेली माणसे सरकारला शोधावी लागतात, कारण ती कोणाच्याच वहीत नव्हती. मुकादमाने नाक्यावरून बोलावले, ठेकेदाराने रोख दिले, माणूस मॅनहोलमध्ये उतरला. घरच्यांकडे कागद एकच, मृत्यूचा दाखला, आणि त्यावर बहुधा गुदमरून एवढाच शब्द. कोठे गुदमरला, कोणी उतरविले, हे त्यावर नसते. पोलीस पंचनाम्याची आणि शवविच्छेदन अहवालाची प्रत अशा कुटुंबाने पहिल्या आठवड्यातच अर्ज करून मागावी. त्यांच्यासाठी तीच अपघात नोंदवही.

आता कोणी म्हणेल, दुसऱ्या देशांत तरी काय दिवे लावले आहेत. अमेरिकेतही लपवालपवी होते. परंतु त्यांच्या पद्धतीतील दोन गोष्टी आम्हाला आवडल्या. तेथे 1970 च्या कायद्याखाली दहाहून अधिक माणसांच्या बहुतेक आस्थापनांत प्रथमोपचारापलीकडे गेलेली प्रत्येक दुखापत आणि रोग सात दिवसांच्या आत एका ठराविक तक्त्यावर चढवावा लागतो. तेथे 48 तासांची अट नाही. हलके काम दिले, काम बदलले, तरी नोंद करावी लागते. खुर्चीवर बसवून सुटका होत नाही. दुसरी गोष्ट, वर्षभराच्या बेरजेचा कागद 1 फेब्रुवारीपासून 30 एप्रिलपर्यंत कामगारांना दिसेल अशा जागी भिंतीवर लावावा लागतो, आणि कामगाराने, सोडून गेलेल्यानेसुद्धा, तक्त्याची प्रत मागितली तर कामाच्या पुढच्या दिवसापर्यंत ती द्यावी लागते. आपल्याकडे नोटीस बोर्डावर 'सुरक्षा सप्ताह' लिहिलेले दिसते. गेल्या वर्षी किती जणांना लागले, ते लिहिलेले आम्ही तरी पाहिले नाही.

कायद्याची आजची स्थिती सांगणे जरूर आहे, नाहीतर जुन्या कलमांचे अर्ज घेऊन लोक जातील आणि परत पाठविले जातील. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या. कारखाने अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याच्या 2020 च्या संहितेने घेतली, तर ई.एस.आय. आणि भरपाई हे दोन्ही सामाजिक सुरक्षा संहितेत गेले. जुन्या नियमांचा आधार संक्रमणाच्या काळात राहील असे सरकारने तेव्हा जाहीर केले. तेव्हा अर्ज लिहिताना नव्या संहितेचे नाव घालावे आणि घटना जुन्या काळातील असेल तर जुने कलमही लिहावे. अपघाताची सूचना संहितेच्या कलम 10 मध्ये आहे, धोक्याच्या घटनांची 11 मध्ये, रोगांची 12 मध्ये. 48 तास तसेच राहिले आहेत. नेमणुकीचे पत्र देणे मालकावर बंधनकारक झाले, ही चांगली गोष्ट. ते पत्र प्रत्येकाने मागून घ्यावे, कारण पुढे नोकरी होती हे सिद्ध करण्याची वेळ येते. परंतु विजेवर चालणाऱ्या 'कारखान्या'ची मर्यादा दहा माणसांवरून वीस माणसांवर नेली, आणि ज्या गल्लीबोळांतील वर्कशॉपांत बोटे सर्वांत जास्त जातात तेथे दहापेक्षाही कमी माणसे असतात. त्यांच्यापर्यंत ही संहिता साधारणपणे पोचत नाही. आम्हाला हे मागे टाकलेले पाऊल वाटते.

प्रत्यक्षात काय करावे, हे भगिनींनी विशेष लक्ष देऊन ऐकावे, कारण अशा वेळी दवाखान्यात आधी त्याच पोचतात. डॉक्टर विचारतात, कसे लागले? सुपरवायझर बाजूला उभा असतो आणि तोच उत्तर देतो. त्याला देऊ नये. जखमी शुद्धीवर असेल तर त्याने, नसेल तर तुम्ही सांगावे, 'अमुक कारखान्यात, अमुक मशिनवर काम करताना.' केसपेपरवर तेच शब्द आले का ते वाचून घ्यावे. वाचता येत नसेल तर मुलाला बोलवावे. त्या कागदाचा तेथेच मोबाइलवर फोटो काढावा. नंतर वहीतील नोंदीचा फोटो. वही दाखवीत नसतील तर साध्या कागदावर तारीख, वेळ, मशिन, दुखापत आणि दोन सोबत्यांची नावे लिहून तो कागद त्याच दिवशी स्पीड पोस्टाने कंपनीला पाठवावा, एक प्रत ई.एस.आय.च्या शाखेला. पोस्टाची पावती जपावी, तिचा रंग उडतो म्हणून झेरॉक्स काढून ठेवावी. मालकाने सूचना पाठविली की नाही हे कळायला माहितीचा अधिकार, 2005 चा, आहे. महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करता येतो आणि तारखेवार विचारता येते, की या कारखान्याकडून या अपघाताची सूचना आपल्याकडे आली काय, आली असल्यास तिची प्रत द्यावी. 'आली नाही' हे उत्तरही लेखी मिळाले तर ते मोठ्या कामाचे असते.

मालकाने दवाखान्याचे बिल भरले तर भरू द्यावे. त्यात कमीपणा नाही. कोऱ्या कागदावर अंगठा मात्र देऊ नये, आणि 'सर्व हिशेब मिळाला' अशा मजकुराखाली बरे होण्याआधी सही करू नये.

विद्यार्थी मित्रांकडून आमची एक अपेक्षा आहे. तुम्ही घरात इंग्रजी वाचणारे पहिले असाल. सुट्टीत एक दिवस आई-वडिलांचे कागद मांडून बसा. ई.एस.आय. कार्डावर नाव बरोबर आहे का, वारसाचे नाव घातले आहे का, जन्मतारीख सगळीकडे एक आहे का, ते पाहा. वयाच्या गुणकाचे आताच सांगितले. तारखेत पाच वर्षांचा फरक पडला तर रक्कम बदलते. वडील कोणते रसायन हाताळतात, आई कोणत्या धुळीत उभी राहते, ते त्यांना विचारून एका वहीत तारखेसह लिहून ठेवा. दहा वर्षांनी छातीचा फोटो काढायची वेळ आली तर डॉक्टरसमोर ठेवायला एवढी तरी नोंद हातात असेल.

बांधकामावरील बंधूंचा प्रश्न आधीच चिठ्ठीवर आला आहे, त्याचे उत्तर देऊन थांबतो. नाक्यावरील माणसाला एक मालक नसतो, मग वही कोणाची? त्याने बांधकाम कामगार मंडळाकडे आपली नोंदणी चालू ठेवावी. तीस वर्षभरात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, म्हणून ज्या ठेकेदाराकडे दहा दिवस केले त्याच्याकडून दहा दिवसांचा दाखला तेव्हाच घ्यावा, साइटचा पत्ता घालून. अपघात नोंदवहीचा नमुना, माहिती अधिकाराचा अर्ज आणि कंपनीला पाठवायच्या पत्राचा मसुदा, अशा तिन्हींच्या प्रती आम्ही आणल्या असून त्या वाचनालयाच्या टेबलावर ठेवल्या आहेत. प्रत्येक घराने एक संच न्यावा. आता ज्यांना काही विचारायचे असेल त्यांनी विचारावे, आणि ज्यांच्याकडे कागद आहेत त्यांनी ते घेऊन पुढे यावे.